मिसेसना काय सांगायचं

त्या हिवाळ्यात गावातली माणसं नेनिताशी अचानक गोड वागायला लागली. समोरच्या घरातली म्हातारी, जिने इतक्या वर्षांत चुकीच्या दिवशी कचरा टाकला म्हणून फणकारण्यापलीकडे तिच्याशी संबंध ठेवला नव्हता, ती घरी घातलेलं मुळ्याचं लोणचं घेऊन दारात उभी राहिली. मोठी नणंद सचिए दर रविवारी यायला लागली आणि बाह्या वर करून भांड्यांपाशी उभी राहायला लागली. "तू टेक गं जरा, मी घासते." सकाळी नेनिता फावडं घेऊन अंगणातला बर्फ उपसायला निघाली, की शेजारच्या कुणीतरी आधीच रस्त्यापर्यंत वाट करून ठेवलेली असायची.

एकोणीस वर्षांपूर्वी फिलिपिन्सहून लग्न होऊन ती जपानमधल्या या डोंगरातल्या गावी आली होती. नवरा त्सुतोमु कुरोइवा, सफरचंदांची बाग, घरात सासू. मूलबाळ झालं नाही. बागेतलं आणि सासूचं सगळं करता करता ती गावाची भाषा गावासारखीच, हेल काढून बोलायला शिकली. तरीही दुकानात गेली की बायका तिच्याशी बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्यानं बोलायच्या. म्हणून आता हे लोणचं, ही उपसलेली वाट पाहून तिने माहेरी, इलोइलोला, बहिणीला फोन केला.

"लुर्डेस, झाले गं बाई मी यांची शेवटी! पाहिजे तेवढा वेळ घेतला मेल्यांनी, पण झाले."

"मग आता तरी म्हणतील ना, कुरोइवांची सून?" लुर्डेस हसली. "का अजून फिलिपिन्सवालीच?"

"म्हणतील, म्हणतील. लोणचं दिलंय म्हणजे काय खायचं काम आहे?"

दोघी पोट धरून हसल्या. नेनिताला हसताना दुखलं, पण ते दुखणं आता अंगवळणी पडलं होतं.

दुखणं सुरू झालं होतं ते सफरचंदं उतरवायच्या दिवसांत. पोटात वरच्या बाजूला, आरपार पाठीपर्यंत कुणीतरी पहार घातल्यासारखं. जेवण जाईना, कपडे ढगळ व्हायला लागले. त्सुतोमु तिला तालुक्याच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. मशीनच्या नळीत घातलं, रक्त काढलं, फोटो काढले, पुन्हा बोलावलं. डॉक्टर मियाजिमा पन्नाशीचे, नीटनेटके, हळू आवाजात बोलणारे. खोलीत दोन खुर्च्या होत्या. नेनिता जवळच्या खुर्चीवर बसली, तरी त्यांची मान तिच्यावरून पलीकडे त्सुतोमुकडे वळली.

"मिसेसना भूक कशी आहे?"

"कमीच आहे," त्सुतोमु म्हणाला.

"मिसेसना झोप लागते?"

लागत नव्हती. नेनिताने तोंड उघडलं, तोवर त्सुतोमु "लागते, लागते" म्हणून मोकळाही झाला.

भिंतीवर मोठा कागद होता. दुभाषी हवा असेल तर सांगा, असं बऱ्याच भाषांत लिहिलेलं. नर्सने त्याच्याकडे बोट दाखवून विचारलं, तेव्हा त्सुतोमु हसून म्हणाला, "नको नको, मी आहे ना."

मग डॉक्टर बराच वेळ बोलले. पुस्तकातले जड जड शब्द, एकाला एक चिकटलेले. नेनिताच्या कानावरून ते पागोळ्यांसारखे गळून गेले. त्सुतोमुचा चेहरा मात्र तिला दिसत होता. तो आधी पांढरा पडला, मग त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून धरले. शेवटी डॉक्टर तिच्याकडे वळले आणि एक लांबलचक वाक्य बोलून थांबले. त्सुतोमुने मान हलवून तिला खुणावलं. नेनिता म्हणाली, "हो."

गाडीत बसल्यावर तिने विचारलं, "काय म्हणाले?"

"जठराला सूज आहे. जुनं दुखणं आहे, हळूहळू जाईल. गोळ्या दिल्यात."

"एवढंच? मग तू असा का बसला होतास, मढ्यासारखा?"

"मला दवाखान्याचा वासच सहन होत नाही," तो म्हणाला आणि गाडी सुरू केली.

तिने विश्वास ठेवला. न ठेवण्यासारखं काही नव्हतंच. त्सुतोमु खोटं बोलणारा माणूस नव्हता. मुळात बोलणाराच नव्हता.

मग बर्फ पडला, लोणचं आलं, नणंद भांडी घासायला लागली. गोळ्या वाढल्या, त्यांच्या जागी छातीवर चिकटवायच्या पट्ट्या आल्या. दुखणं कमी झालं, तशी अंगात गुंगीही भरली. गावात सुखाने दिवस चाललेत असं तिला वाटत होतं.

फोडलं ते सासूने. किमीए नव्वदीला टेकलेली, कमरेत वाकलेली, पण जिभेला वाक आलेला नव्हता. नेनिता तिला न्हाऊ घालत होती. तांब्या उचलता उचलता नेनिताला कळ आली आणि ती न्हाणीघराच्या कठड्याला धरून उभी राहिली. पाठ तशीच अर्धी साबणाची राहिली, तशी म्हातारी करवादली.

"आता हेही होईना का तुला? मी त्सुतोमुला तेव्हाच म्हटलं होतं, वृद्धाश्रमात माझं नाव घालून ठेव. ही जाणार माझ्या आधी. मग मला कोण धुणार, तू का रे?"

"कुठे जाणार मी, आई?"

किमीएने मान वळवून वर पाहिलं. ओल्या चेहऱ्यावर आधी वैताग होता, मग तो सरला.

"तुला सांगितलंच नाही अजून?" ती म्हणाली. "सचिएला सांगितलं, समोरच्या बयेला सांगितलं. मला वाटलं, एव्हाना..."

नेनिताने उरलेली पाठ धुतली. म्हातारीला पुसलं, कपडे घातले, खाली शेगडी असलेल्या बुटक्या टेबलाखाली पाय नीट सारून बसवलं. मग संडासात जाऊन कडी लावली आणि तोंडात टॉवेल कोंबून रडली. मरण्याचं तिला अजून पुरतं उमगलंच नव्हतं. ती रडली ते लोणच्यासाठी, उपसलेल्या वाटेसाठी.

दुसऱ्या दिवशी त्सुतोमु फांद्या छाटायला बागेत गेला, तशी ती बस पकडून दवाखान्यात गेली. नंबर नव्हता, तरी खिडकीपाशी उभी राहिली.

"घरचं कुणी आलंय का बरोबर?" खिडकीतल्या मुलीने विचारलं.

"मी आलेय. मी घरचीच आहे."

"नाही, म्हणजे... डॉक्टरांचं बोलणं समजायला..."

"दुभाषी द्या ना मग. भिंतीवर लिहिलंय."

धावपळ झाली. एक स्क्रीन आणला गेला, त्यावर दुभाष्यांना फोन लागला. तिच्या देशातली टागालोग भाषा बोलणारी बाई आज नव्हती. इंग्रजी, पोर्तुगीज, चिनी होते. नेनिताचं इंग्रजी शाळेतलं, गंजलेलं. ती म्हणाली, "राहू दे. डॉक्टरच सांगतील."

मियाजिमा आत आले, बसले, आणि सवयीने त्यांची नजर पलीकडच्या रिकाम्या खुर्चीवर गेली. "आपले यजमान..."

"आले नाहीत. मला सांगा. सोप्या भाषेत. लहान पोराला सांगाल तसं."

डॉक्टरांनी स्वतःच्या पोटावर हात ठेवला.

"इथे, मागच्या बाजूला, गाठ आहे. वाईट गाठ. आता ती पसरली आहे. इथे, यकृतातही. आता कापता येणार नाही."

एवढंच होतं. गाठ, वाईट, पसरणं, कापणं. दर वसंतात झाडांच्या खोडांवरचा रोगट भाग ती सुरीने खरवडायची, तेव्हा हेच शब्द तोंडात असायचे. त्सुतोमुला ओरडून सांगायची, इथे पसरलंय, हे कापायला हवं. असे शब्द डॉक्टरांकडेही होते तर. त्या दिवशीही होते.

"आता नाही," ती म्हणाली. "म्हणजे आधी येत होतं?"

"शहरातल्या दवाखान्यात मोठं ऑपरेशन करता आलं असतं. खात्री नव्हती. निम्मी आशा होती म्हणा." त्यांनी चष्मा काढला. "तुम्हाला नको आहे, असं यजमान म्हणाले. मी तुम्हालाही विचारलं होतं, बाई. तुम्ही हो म्हणालात."

"तुम्ही काय विचारलं होतं?"

डॉक्टर चष्मा पुसत राहिले.

"किती दिवस?" तिने विचारलं.

"उन्हाळा. कदाचित त्यानंतर थोडे. विमानाचा प्रवास करायचा असेल तर आत्ताच करा. नंतर जमणार नाही." ते उठले आणि माफी मागायला कमरेतून खोल वाकले. त्यांच्या डोक्यावरचे विरळ केस तिला दिसले. त्या वाकण्याचं काय करायचं हे तिला समजेना. ती बाहेर आली.

संध्याकाळी त्सुतोमु हात धूत असताना तिने सांगितलं, "मियाजिमांकडे जाऊन आले."

तो वळला नाही. नळ चालूच राहिला.

"ऑपरेशन नको, असं मी कधी म्हणाले?"

"आमच्या बाबांचं केलं होतं," तो म्हणाला. "नळ्या लावून पडले होते, ओळख राहिली नाही. त्यांनाही आम्ही सांगितलं नव्हतं. आमच्यात नाही सांगत. माणूस हिंमत हरतो. मला ते पुन्हा बघायचं नव्हतं."

"तुला बघायचं नव्हतं."

"हो."

"अजून?"

त्याने पुन्हा साबण घेतला. "सांगितलं असतं तर तू तिकडे निघून गेली असतीस."

"हो, गेले असते. माझ्या आईपाशी. तुझ्या आईला न्हाऊ घालायच्याऐवजी माझ्या आईच्या हातचा पेज-भात खात बसले असते. निम्मी आशा होती, त्सुतोमु! निम्मी! आणि ती तू परस्पर नाकारलीस, दुकानात पिशवी नको म्हणतात तशी."

आतून किमीएने हाक मारली. "कोण ओरडतंय? चहा झाला का?"

"तू कर," नेनिता म्हणाली. "डबा दुसऱ्या फळीवर आहे."

बर्फ वितळायला लागेपर्यंत तिकीट झालं. त्या दिवसांत त्सुतोमु आईला न्हाऊ घालायला शिकला. म्हातारी साबण डोळ्यात गेला म्हणून त्याला शिव्या द्यायची आणि नेनिता खोलीत बसून ऐकायची. सचिए एकदा रडत आली, म्हणाली, "आम्हाला वाटलं, तुला त्रास नको." नेनिताने तिला बसायला सांगितलं नाही. भांडी घासू दिली मात्र. ती घासायची ताकद आता तिच्यात नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी लुर्डेसने फोनवर भीत भीत विचारलं, "आईला काय सांगू गं? ती विचारते सारखी, एवढ्या मोठ्या जपानात औषध नाही मिळालं का म्हणून."

"काही सांगू नकोस," नेनिता म्हणाली, आणि म्हणता म्हणता थांबली. "नाही. सांग. आज रात्री जेवण झाल्यावर सगळं सांग. मी यायच्या आधी तिला रडून घेऊ दे."

सकाळी बसच्या थांब्यावर त्सुतोमुने पेटी उतरवली. त्याच्या नखांत अजून बागेतली माती होती.

"मी येऊ का तिकडे? नंतर?" त्याने विचारलं.

"कशाला?"

बस आली. पेटी बसच्या पोटात ढकलून ड्रायव्हरने तिला हात दिला. डोंगराच्या बाजूची सगळी आसनं रिकामी होती. ती एका खिडकीशी बसली आणि बस वळणावर जाईपर्यंत नुसता बर्फ पाहत राहिली. त्सुतोमु उभा होता तो थांबा पलीकडच्या बाजूला होता.