उजेडातली भिंत

माघ सरत आला की सावरदऱ्याच्या त्या गल्लीत ऊन कसे उतरते, हे योगेंद्रला पाठ झाले होते. आधी पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर एक रेघ उमटे, ताकासारखी पातळ. पाहणाऱ्याला वाटावे, डोळ्यांचाच भास आहे. मग शाळेमागच्या निंबाचा शेंडा उजळे आणि त्यातले पोपट एकदम बोलू लागत. त्यानंतर बराच वेळ काहीच घडत नसे. चुलींचा धूर गल्लीभर आडवा पसरून राही, कुणी बाई सडा टाकून मागे सरे, गोठ्यातल्या म्हशीच्या नाकातोंडातून वाफ निघे. आणि या सगळ्यावर लक्ष ठेवून असल्यासारखे ऊन चुडामणअण्णांच्या स्लॅबवर येऊन थांबे. वरचा मजला पुढेमागे बांधायचा म्हणून सोडलेल्या सळयांची टोके पेटत, आणि मग कोणतीही घाई न करता ते ऊन त्यांच्या भिंतीवरून खाली येई. ती भिंत फिकट पिवळ्या रंगाची होती. त्या वेळी ती भरडलेल्या डाळीसारखी दिसे, खरखरीत आणि उबदार. ओट्यापाशी आले की ऊन तिथेच बसे. गल्लीची दुसरी बाजू, पूर्वेकडची, आपल्याच सावलीत उभी असे. तिथे यशोदाबाईंचे धाब्याचे घर होते, मातीच्या भिंतींचे, लाकडावर माती पसरून केलेल्या सपाट छताचे. त्यांच्या दाराला ऊन भेटायचे ते दुपार कलल्यावरच.

अशाच एका सकाळी यशोदाबाई उजेडात आल्या आणि त्याने फोटो काढला. पुढे जे काही झाले ते त्या फोटोपासून झाले. योगेंद्र ती सकाळ जेव्हा जेव्हा आठवी, तेव्हा तिची सुरुवात याच वाक्याने करी.

तो धुळ्याचा. एका संस्थेने त्याला सहा महिन्यांच्या करारावर घेतले होते. काम असे की, गावोगावी जाऊन ज्यांची घरे कच्ची आहेत त्यांना घरकुल योजनेची माहिती द्यायची, कागद कोणते लागतात ते सांगायचे, आणि ज्यांना मोबाइलवर अर्ज भरता येत नाही त्यांचा भरून द्यायचा. चार माणसांपुढे बोलताना त्याच्या तळव्यांना घाम फुटे. मारुतीच्या पारावर उभा राहून तो माहितीपत्रक वाचे तेव्हा त्याची नजर लोकांच्या डोक्यांवरून पलीकडच्या भिंतीवर खिळलेली असे. त्या पत्रकातली चौथी ओळ होती, "छायाचित्र अर्जदाराच्या राहत्या घरासमोरच घ्यावे." अकरा गावांत त्याने ती मोठ्याने वाचली होती.

वाचायला तो लाजे, पण बघायला नाही. उजेड कुठे पडला आहे, कुणाच्या चेहऱ्यावर कसा पडला आहे, हे त्याला न शोधता दिसे. त्या दिवशी त्याने फोन काढला तशा यशोदाबाई आत पळाल्या.

"थांब भाऊ, लुगडं बदलीसन येस. असाच फोटो काढस का कोनी?"

त्यांची नात मेघा आठवीत होती. आईबाप सुरतेला कापडाच्या कारखान्यात, ती आजीजवळ. ती दाराच्या चौकटीला टेकून हसत होती. "आजी, पावडर बी लाव. सरकार दखनार शे तुले."

"तू गप बस वं."

त्या भागात फोटोची एक रीत आहे. मुलगी दाखवायचा फोटो असो की साठीचा, तो चांगल्या भिंतीपुढे काढतात. आपली नसेल तर शेजाऱ्याची. कुणी त्याला खोटे म्हणत नाही. पाहुणा आला की शेजारून खुर्ची आणावी, तितकेच ते. यशोदाबाई हिरवे लुगडे नेसून आल्या, डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी सारखा केला, आणि चुडामणअण्णांच्या त्या पिवळ्या भिंतीपुढे अशा हसल्या की योगेंद्रने लगेच बटण दाबले. सत्तरीच्या बाईच्या चेहऱ्यावर तेवढा विश्वास त्याने कधी पाहिला नव्हता.

चुडामणअण्णा ओट्यावर दात घासत होते. तोंडातला फेस सांभाळत म्हणाले, "मनी भिंतना फोटो निंघना. माले काय मिळी?"

"तुले मना आशीर्वाद मिळी," यशोदाबाई म्हणाल्या.

फोटो अर्जाला जोडला गेला. घराच्या आत, मधल्या तुळईला वाळवी लागली होती आणि तिला बाभळीचा टेकू दिला होता, हे त्या फोटोत कुठे येणार! तुळई करकरली की मेघाला उठवून दोघी ओट्यावर येऊन बसत. यशोदाबाई हे त्याला सांगताना हसत होत्या. "यंदाना पाऊसले ती काही थांबाव नही, भाऊ. तुना घरकुलना पहिले पडी का नंतर, इतलंच दखनं शे."

संस्थेच्या सुलक्षणा मॅडमना तो फोटो फार आवडला. "योगेंद्र, काय चेहरा आहे हा! हाच हवा होता मला." पंधरा दिवसांत फलक तयार झाला. रस्त्यावर, फाट्यापाशी, एसटीच्या थांब्यामागे तो उभा राहिला. त्यावर यशोदाबाई माणसाच्या दुप्पट उंचीच्या होत्या, आणि खाली लिहिले होते, "हक्काचे घर. माहिती घ्या, अर्ज करा." पुढे पारोळ्याला आणि पाचोऱ्याच्या रस्त्यालाही तो लागला. लोक बसमधून वाकून पाहत. गावातली पोरे यशोदाबाईंना वाटेत अडवून म्हणत, "अक्का, तुनं घर तं बोर्डवर बांधाई गयं! आते राहाले जावानं तेवढं बाकी शे." त्या लटक्या रागाने काठी उगारत, पण फाट्यावर भाजी घ्यायला गेल्या की एकदा वर बघून येत.

योगेंद्रही बघे. त्या फलकाखालून जाताना त्याला प्रथमच वाटे, आपण जगात काहीतरी केले आहे.

वैशाखात ग्रामसभेत यादी वाचली गेली. सावरदऱ्याचे एक्केचाळीस अर्ज त्याने भरले होते. त्यांतले चाळीस पात्र ठरले. वाचायला कागद त्याच्याच हातात दिला होता. शेवटच्या पानावर अपात्रांचा रकाना होता आणि त्यात एकच नाव. कारण, "अर्जदाराचे पक्के घर आहे."

त्याने ते नाव वाचले, आणि सभेत आधी कुणाला समजले नाही. मग मागून कुणीतरी मोठ्याने हसले. "बोर्डवर घर, यादीमा नही!"

यशोदाबाई हसल्या नाहीत. त्यांनी मेघाकडे पाहिले आणि विचारले, "काय म्हनना तो?"

"चूक झाली आहे अक्का," योगेंद्र घाईने म्हणाला. "कार्यालयाची चूक आहे. मी बघतो."

तो दुसऱ्याच दिवशी तालुक्याच्या कार्यालयात गेला. तिथल्या लिपिकाने त्याचे सगळे ऐकून घेतले, मग काही न बोलता संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. हिरवे लुगडे. पिवळी भिंत. वरच्या कोपऱ्यात स्लॅबच्या सळया.

"वीट आहे, सिमेंट आहे, स्लॅब आहे. आमची चूक कुठे झाली, तेवढं दाखवा."

योगेंद्र त्या सळयांकडे बघत राहिला.

"हे घर दुसऱ्याचं असेल तर उपाय आहे," लिपिक जरा मऊ आवाजात म्हणाला. "फोटो काढणाऱ्याने लेखी द्यायचं. मी चुकून अमुक ठिकाणी फोटो काढला म्हणून. पंधरा दिवसांत दिलं तर साहेब येऊन जागा बघतात. मात्र तुमच्या संस्थेला ते कळवावं लागेल. आणि तुम्ही काढलेले बाकीचे फोटोही मग तपासायला काढतील."

बसमध्ये खिडकीशी बसून योगेंद्रने ते बाकीचे चाळीस आठवून पाहिले. एकासाठी चाळिसांचे थांबवायचे का? हा प्रश्न त्याला इतका मोठा आणि इतका नीतीचा वाटला की, त्याच्या आडोशाला बसून राहणे सोपे झाले. आपल्या कराराची मुदत वाढणार आहे, सुलक्षणा मॅडम तसे म्हणाल्या आहेत, ही गोष्ट त्याने त्या प्रश्नात धरलीच नाही.

तेराव्या दिवशी त्याने अर्ज लिहिला. अक्षर सुरेख होते. "अर्जदार वयोवृद्ध व अशिक्षित असून, छायाचित्राच्या वेळी अनवधानाने शेजारील घरासमोर उभ्या राहिल्या. तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा." खाली यशोदाबाईंचा अंगठा घेतला.

"काय लिखं भाऊ यामा?" त्यांनी विचारले.

"परत बघायला या, असं लिहिलंय."

"बरं कयं."

साहेब ज्येष्ठात आले, सकाळीच, ऊन तापायच्या आधी. गल्ली गोळा झाली. ते घरात गेले, टेकूला हात लावून पाहिला, वर बघितले आणि लगेच बाहेर आले. त्यांचा चेहरा वाईट नव्हता. "घर कच्चं आहे, ते दिसतंच आहे," ते म्हणाले. "फोटोचं तेवढं मला लिहून घ्यावं लागेल. आजीबाई, तुम्ही स्वतःच त्या भिंतीपुढे जाऊन उभ्या राहिलात? की कुणी उभं केलं?"

यशोदाबाईंनी योगेंद्रकडे पाहिले.

तो खांबाच्या बाजूला उभा होता. संस्थेचे नाव छापलेली पिशवी त्याने छातीशी धरली होती. त्या नजरेत आरोप नव्हता. परीक्षेत अडलेल्या पोराकडे घरची बाई पाहते, तसे त्या त्याच्याकडे पाहत होत्या. त्याने बोलावे म्हणून त्या थांबल्या. कोपऱ्यावर कुणाचा तरी हापसा वाजत होता, तो थांबला. योगेंद्रने नजर उचलली आणि ती, पारावर जात असे तशीच, समोरच्या भिंतीवर गेली.

"हा सायेब," यशोदाबाई म्हणाल्या. "मीच उभी ऱ्हायनू तठे. उजेड चांगला व्हता. पोऱ्यानी काय चूक?"

"आजी!" मेघा पुढे झाली.

"तू गप बस."

"अहो आजीबाई, नीट विचार करून सांगा," साहेबांनी पुन्हा म्हटले. "तुम्ही स्वतःहून उभ्या राहिलात असं लिहिलं, तर दुसऱ्याचं घर दाखवलं असा अर्थ होतो. मग मला या फेरीत काही करता येत नाही."

"लिखा ना. जे शे ते शे."

साहेबांनी लिहिले. मेघाने ते वाचून दाखवले, "अर्जदाराने स्वतः चुकीची माहिती दिली," आणि कागद त्यांच्या हातात परत दिला. अंगठा उमटला. पुढच्या सर्वेक्षणाच्या वेळी बघू, असे काहीतरी साहेब म्हणाले. ते सर्वेक्षण कधी, हे त्यांनाही माहीत नव्हते. गाडी गेली.

चुडामणअण्णा गोठ्यामागून बाभळीचा एक जाड ओंडका खांद्यावर घेऊन आले. आज ते काही विनोद करीत नव्हते. दुसरा टेकू बसवायला त्यांनी मेघाला हाताशी घेतले. आतून ठोकण्याचा आवाज येऊ लागला, आणि प्रत्येक ठोक्याला छताची माती भुरभुर खाली पडत होती.

योगेंद्र दाराशी उभा राहिला. "अक्का," तो म्हणाला.

"कसाले तोंड पाडी ऱ्हायना? तुनी नोकरी शे, भाऊ. तुले आखो बठ्ठा गाव फिरना शेत. मनं काय, आते लगून निभनं, आखो निभी." मग त्यांनी पदराने कपाळावरची माती पुसली. "चहा लेसी का?"

"नको."

"बरं." त्या आत वळल्या. दुसऱ्यांदा त्यांनी विचारले नाही. खानदेशात चहाला एकदाच विचारणे म्हणजे काय, ते त्याला कळत होते.

मेघा मात्र बाहेर आली. हात मातीने भरलेले. ती त्याच्यापुढे उभी राहिली आणि शाळेतल्या स्वच्छ मराठीत हळू म्हणाली, "मी होते त्या दिवशी. दारातच होते."

तो फाट्यावर चालत आला. थांब्यावर कुणी नव्हते. मागे यशोदाबाई दुप्पट उंचीच्या उभ्या होत्या. उन्हाने फलकाचा रंग विटून भिंत पांढरी पडली होती, हसू तेवढे अजून ताजे होते. धुळ्याची गाडी यायला वेळ होता. त्याने फोन काढला आणि माघातल्या त्या तारखेपर्यंत मागे गेला. तिथे दोन फोटो होते. दुसरा सगळ्या रस्त्यांवर लागला होता. पहिला त्याने कुणालाच दाखवला नव्हता आणि पुसलाही नव्हता. तो अंधुक होता. मातीची भिंत, बसलेली चौकट, आणि तिच्यापुढे हिरव्या लुगड्यातली एक बाई, तिचा चेहरा नीट दिसत नव्हता. दोन्ही फोटोंत सात मिनिटांचे अंतर होते.

अक्का आधी आपल्याच दारात उभ्या राहिल्या होत्या. उजेड नाही म्हणून त्यानेच त्यांना दंडाला धरून समोर नेले होते.