एकतीस वाचक

ठाण्याहून साहेब आले आणि त्यांनी आमच्या वाचनालयाची तपासणी केली, त्याला साठाहून जास्त वर्षं झाली. साहेब केव्हाच वारले असतील. माझा राग काही गेलेला नाही. नातसून म्हणते, आजी, कशाला जुन्या गोष्टींचं टेन्शन घेता? तिला सांगायचं ते इथे लिहिते आहे.

आमचा पाडा नेरूळच्या खाली, खाडीला लागून. आज सीवूड्सला जिथे गाड्या लावायला जागा मिळत नाही, तिथून आम्ही चिंबोऱ्या धरून आणायचो. वाचनालय म्हणजे एक लाकडी पेटी होती. १९५७ साली ती ठाण्याच्या सरकारी कचेरीतून होडीने आली. आत चाळीस पुस्तकं आणि एक नोंदवही. बोली अशी होती की दोन वर्षांनी तपासणी होईल. निदान पंचवीस वाचक दिसले तर पेटी कायमची आमची आणि वर नवीन पुस्तकं. नाही दिसले तर पेटी परत.

पेटी शाळेच्या वामन मास्तरांच्या घरी असायची. मी तेव्हा सोळा वर्षांची, सातवी पास. पाड्यातल्या बायकांत वाचता येणारी मी एकटीच. दुपारी मासळी विकून बायका परतल्या, जेवल्या, की शेवंताकाकीच्या ओट्यावर सुका जवळा निवडत बसायच्या, आणि मी त्यांना वाचून दाखवायची. कादंबऱ्या, प्रवासवर्णनं, एकदा तर मधमाश्या पाळण्याचं पुस्तक. त्या पुस्तकावर धोंडूबाई आठवडाभर हसत होती. राणीमाशीचं ऐकून म्हणाली, "हिला सासू नाय, म्हनून एवढा रुबाब."

पण शेवंताकाकीला एकच पुस्तक हवं असायचं. बाळंतपणावरचं, पातळ, निळ्या पुठ्ठ्याचं. काकी पाड्याची सुईण. त्या काळी आमच्याकडे जन्मलेल्या दहा मुलांत तीन-चार मुलं सातव्या-आठव्या दिवशी आखडून जायची. तोंड मिटायचं, दूध ओढता यायचं नाही. बायका म्हणायच्या, सटवीने नेलं. पुस्तकात लिहिलं होतं की नाळ कापायचं पातं आणि बांधायचा दोरा पाण्यात चांगला उकळून घ्या, नाळेवर राख किंवा शेण लावू नका. काकीने ते वाक्य माझ्याकडून तीन वेळा वाचून घेतलं. मग म्हणाली, "म्हनजे सटवी माज्याच विळ्यावर बसून येत व्हती." त्या दिवसापासून तिने पातं उकळायला सुरुवात केली. पुढच्या दोन वर्षांत तिच्या हातून एकोणीस मुलं जन्मली. आखडून एकही गेलं नाही. काकीला ते पुस्तक अथपासून इतिपर्यंत पाठ झालं होतं. निदान आम्हाला तसं वाटत होतं.

तपासणीच्या महिनाभर आधी मास्तरांनी नोंदवही उघडली आणि डोक्याला हात लावला. प्रत्येक पुस्तकापुढे एकच नाव होतं. जमुना गोटीराम. दोन वर्षांत वाचक एक.

"ऐकलं म्हणजे वाचलंच की," मास्तर म्हणाले आणि त्यांनी बसून ओट्यावरच्या सगळ्या बायकांची नावं वहीत भरली. माझं धरून एकतीस झाली. ती खोटी होती असं मला तेव्हा वाटलं नाही. आजही वाटत नाही.

साहेब भरतीबरोबर आले. होडी आमच्या पाड्यातल्या कान्हाची. ओहोटी लागायच्या आत परत निघायला हवं म्हणून साहेब आल्यापासून घाईत होते. मास्तरांच्या ओट्यावर खुर्चीत बसून त्यांनी पुस्तकं मोजली. चाळीसच्या चाळीस भरली. मग एक पुस्तक नाकाजवळ नेऊन लांब धरलं.

"याला मासळीचा वास येतो."

धोंडूबाई म्हणाली, "आमच्याकडं राहिलं ना दोन वरसं, साहेब. तुमच्याकडं राहिलं असतं त अत्तराचा आला असता."

सगळ्या हसल्या. साहेबांनी कागदावर लिहिलं, पुस्तकांची स्थिती असमाधानकारक. मग नोंदवही उघडली आणि सगळी नावं एकाच शाईत, एकाच अक्षरात पाहून त्यांनी मास्तरांकडे बघितलं.

"एकतीस वाचक. छान. यातलं कुणीही एक पान वाचून दाखवा."

मास्तरांचा चेहरा उतरला. "ही जमुना वाचेल," ते म्हणाले. मी पुढे होणार तोच साहेब म्हणाले, "तू नको. तुझं नाव दिसतंय सगळीकडे. ह्या वाचतील. शेवंता कोण?"

काकी उठली. हात पदराला पुसले आणि निळं पुस्तक मागून घेतलं. मधूनच कुठेतरी उघडून तिने सुरुवात केली, "बाळंतिणीची खोली स्वच्छ आणि हवेशीर असावी." शब्दाला शब्द. माझाच सूर, मी जिथे श्वास घ्यायची तिथेच श्वास. साहेबांनी क्षणभर ऐकलं आणि हळूच पुस्तक तिच्या हातातून काढून घेतलं.

"चालू द्या बाई, तुमचं चालू द्या," ते म्हणाले आणि योग्य पान काढून ओळींवरून बोट फिरवू लागले.

काकी थांबली नाही. पुस्तक नसतानाही बोलत राहिली. पातं उकळण्याचं आलं, दोरा बांधण्याचं आलं. साहेबांचं बोट तिच्याबरोबर चाललं होतं. पान उलटलं, आणखी एक उलटलं, आणि बोट थांबलं.

"मधली दोन पानं कुठे गेली?"

काकीने माझ्याकडे पाहिलं.

"पाठांतर चांगलं आहे," साहेब म्हणाले. "पण सव्वीस आणि सत्तावीस गाळलीत. वाचता येत असतं तर गाळली नसती." त्यांनी तांबडी पेन्सिल काढली आणि तीस नावांवर एकेक रेघ मारली. सावकाश, पट्टी लावून. घाई होती, तरी पट्टी लावायला वेळ होता त्यांना.

मास्तर हात जोडून म्हणाले, "साहेब, नावं भरली ती माझी चूक. पण या पुस्तकाने इथली मुलं वाचलीत. दोन वर्षांत एकोणीस, तुम्ही घरोघर जाऊन बघा. तेवढं अहवालात लिहा."

"ते आरोग्य खात्याकडे," साहेब म्हणाले. "माझ्याकडे तसा रकाना नाही."

एकोणीस जिवंत मुलं. त्यातली तीन तिथेच ओट्याखाली धुळीत खेळत होती, आणि त्यांना ठेवायला या माणसाच्या कागदावर जागा नव्हती. मला त्यांच्या हातातली पट्टी मोडावीशी वाटली. पण काकी अजून माझ्याकडेच बघत होती.

साहेबांनी पेटी भरायला लावली, दोरीने बांधली, गाठीवर लाख ओतून शिक्का मारला. कान्हा आणि आणखी एकाने ती उचलून होडीकडे नेली. बायका पांगल्या. काकीने माझं मनगट धरलं.

"काय व्हतं त्या पानांवर?"

मी खाली बघितलं.

"जमुना. काय व्हतं?"

मी गाळली होती ती पानं. पहिल्याच दिवशी. वरचा मथळा वाचला आणि ते शब्द चार बायकांत, गल्लीतून बाप्ये जात असताना, माझ्या तोंडून निघेनात. लग्न न झालेली पोर मी. एका वेळी दोन पानं उलटली आणि पुढे वाचत गेले. नंतर दर वेळी तशीच उलटली. स्वतःशीही कधी वाचली नाहीत.

"बाळंत झाल्यावर रक्त थांबत नसेल तर काय करायचं, ते होतं," मी म्हणाले.

काकीने माझं मनगट सोडलं. त्याच वर्षी चैत्रात पाड्यातली पुतळा गेली होती. पहिलटकरीण, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. सकाळी मुलगा झाला, दुपारपर्यंत ती गेली. काकी तिच्याजवळ बसून फडकी बदलत राहिली होती, कारण तिच्या पुस्तकात त्यापुढचं काही नव्हतं.

"काय करायचं मग?" काकीने विचारलं.

"मला माहीत नाही. मी वाचलं नाही."

तिने मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "पेटी चालली," आणि धावत सुटली. मी तिच्यामागे.

पाणी उतरायला लागलं होतं. पेटी होडीत, साहेब पेटीवर छत्री उघडून बसलेले. काठावर जाळी वाळत घालणारे बाप्ये होते, त्यांत माझे बाबाही. मी गुडघाभर चिखलात उतरले आणि होडीची कड धरली.

"साहेब, निळं पुस्तक द्या. दोनच पानं वाचायची आहेत."

"यादी झाली. शिक्का लागलाय."

"दोन पानं, साहेब."

"दोन वर्षं होती तुमच्याकडे," साहेब म्हणाले. त्यांना कल्पना नव्हती ते किती खरं बोलत होते. म्हणूनच मला त्यांचा इतका संताप आला. "कान्हा, चल."

कान्हाने बांबू पाण्यातून वर काढला आणि होडीत आडवा ठेवला. "माजी दोन्ही पोरं काकीच्या हातची हायेत, साहेब. पोरीचं व्हईपर्यंत होडी हलत नाय. आनि पानी उतरलं, की उद्यापर्यंत हलायची नाय."

साहेब उठले. लाख त्यांनी स्वतःच फोडली. पुस्तक माझ्या अंगावर जवळजवळ फेकलं.

मी सव्वीस पान काढलं आणि मोठ्याने वाचलं. मथळ्यासकट. बाबांनी मान वळवली, काठावरचे बाप्ये उठून चालू लागले. साहेबांनी छत्री आडवी धरली. पोटाला बेंबीखाली घट्ट चोळत राहा, ते कडक होईपर्यंत थांबू नका. मूल लगेच अंगावर पाजायला लावा. नाळ ओढू नका. रक्त थांबत नसेल तर वाट बघू नका, ताबडतोब दवाखान्यात न्या. काकी काठावर उभी राहून प्रत्येक वाक्य माझ्यामागून म्हणत होती. मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा तिने एकटीने म्हणून दाखवलं आणि म्हणाली, "दे त्याला."

पेटी गेली ती गेली. पुढे मास्तरांना पत्र आलं. निष्कर्ष: वाचक एक, वाचनालयाचा उपयोग दिसून येत नाही. त्या एका वाचकानेही सगळं वाचलं नव्हतं, हे लिहिलं असतं तर निदान खरं झालं असतं.

होडी लांब गेली तेव्हा मी चिखलातून वर आले. काकी पाय धुवत होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

"पुतळाच्या आयेला कोन सांगनार?" ती म्हणाली. "तू का मी?"

"मी सांगते."

"मग चल. आत्ताच," ती म्हणाली आणि माझ्यापुढे चालू लागली.