दोन इंच

बाभुळगावात शाळेचे गणवेश जोहराबी शिवत. अंग वाढतं म्हणून स्कर्टच्या आत दोन इंच दुमड ठेवायची आणि पोरगी वाढली की तिच्या आईने ती उसवून घ्यायला यायचं, अशी रीतच होती. ब्लाऊज न्यायला आलेल्या आरोग्य खात्याच्या भैरवी मॅडमनी कौतुकाने तपासणीचा कागद दाखवला. जूनपासून सगळ्या मुली दोन-दोन इंच वाढल्या होत्या. जोहराबींच्या कपाळाला आठी पडली.

"सगळ्याच? एकही कमी-जास्त नाही?"

"पोषण आहार मिळतोय ना."

"मंग दुमड उसवाले एकही माय काहून नाही आली?"

"घरीच उसवली असेल."

जोहराबींनी समोरून जाणाऱ्या शाळेतल्या दोन मुलींना आत बोलावलं आणि स्कर्टचे काठ उलटून पाहिले. तुरपाई त्यांच्याच हातची होती, एक टाकाही हललेला नव्हता.

"उंची कायवर मोजता?"

"शाळेच्या भिंतीवर पट्टी रंगवलीय. जूनमध्येही तिथेच मोजली होती."

"अन् खालची फरशी?"

"ती दिवाळीत नवी बसवली, जुनीच्याच वर," म्हणता म्हणता भैरवी मॅडम थांबल्या.

जोहराबींनी ब्लाऊज घडी करून त्यांच्या हातात दिला.

"पोट्ट्या नाही वाढल्या, मॅडम. जमीन वाढली."