सत्तेचाळीस नंबरच्या कारळ्यावरची पिशवी

कैनात मॅडमना कारळ्यातल्या जनुकाची जागा सापडली आणि घोडेगावच्या अलीकडच्या संशोधन-शेतावर पेढे वाटले गेले. मित्रांनो, पेढे खरे, पण जागा काही सापडलेलीच नव्हती. मी एक जुनी, बटर पेपरची पिशवी आहे. मला काय विचारता?

बरं, विचारताच आहात तर सांगते. माझा जन्म सुप्याच्या एका कारखान्यात झाला. काम सोपं होतं. कारळ्याचं फूल उमलायच्या आधी त्याच्यावर चढायचं आणि बाहेरचा पराग आत येऊ द्यायचा नाही. कारळा स्वतःचा पराग स्वीकारत नाही. हे ऐकून शेतावर राबणाऱ्या भागूबाई म्हणाल्या होत्या, "म्हंजी घरातल्या घरात सोयरीक न्हाई! मानसापरीस शहाणं हाय की झाड."

पण मॅडमच्या वाफ्यातली काही भावंडं हा नियम मोडून स्वतःच्याच परागावर बी धरत. कोण धरतं, कोण नाही, हे गुणसूत्रावरच्या खुणांशी जुळवलं की नियम लावणारा जनुक कुठे बसलाय ते कळतं. त्याचा नकाशा मॅडमनी भिंतीवर काढला होता.

मी तीन हंगाम टिकले. "ही पिशवी गुणाची," मॅडम म्हणायच्या. त्या कौतुकानेच मी बिघडले. चौथ्या हंगामात मला भोक पडलं. चांगली पिशवी कशाला टाकायची, म्हणून भागूबाईंनी कपाळावरची टिकली काढून भोकावर चिकटवली आणि मला सत्तेचाळीस नंबरच्या झाडावर चढवलं. "झालं! आता नजर बी लागायची न्हाई."

दुपारच्या उन्हात टिकली गळून पडली. मला कळलं होतं. पण फेकून देतील या भीतीने मी फडफडलेसुद्धा नाही. एक मधमाशी आत आली, फुलावर पाय झाडून गेली. कोण, कुठली, एवढंही मी तिला विचारलं नाही.

सत्तेचाळीस नंबरने अकरा बिया धरल्या. मॅडमना वाटलं, यानेही नियम मोडला. त्या एका झाडापायी नकाशावरचा जनुक पार सरकला. पेढे तेव्हाचे.

पुढे त्या बिया पेरल्या. अकराही रोपं जांभळ्या खोडाची निघाली. सत्तेचाळीसचं खोड हिरवंगार होतं. जांभळी खोडं होती ती शेजारच्या वाफ्यात.

"भागूबाई, ही एकट्या याची लेकरं नाहीत," मॅडम हळूच म्हणाल्या. "कुणीतरी आत गेलं होतं."

त्यांनी मला उलटसुलट करून पाहिलं. भोकाभोवती डिंकाचा गोल डाग अजून होता.

"माझी टिकली, बाई," भागूबाई म्हणाल्या. "मला वाटलं, येवढ्याशा भोकातून कोन जातंय?"

मॅडमनी नकाशा पुसला. सगळं वर्ष पुन्हा पहिल्यापासून. भागूबाईंनी त्या दिवसापासून टिकली सोडली, आता कुंकू लावतात. मी मॅडमच्या वहीत टाचून पडले आहे.

मित्रांनो, भोक पडलं तर लपवू नका. आणि मा. गुणसूत्र विभागप्रमुखांना नम्र विनंती, की सरकलेला जनुक मूळ जागी विनाविलंब रुजू करून घ्यावा, मॅडमचं गेलेलं वर्ष परत द्यावं, आणि भागूबाईंच्या नावावरचा दोष अर्जदार पिशवीच्या नावे वर्ग करावा.

सोबत जोडले आहे : भोक, एक.