हिरवा दोरा

कापून पडलेली कळी म्हाताऱ्याने फांदीच्या टोकाला लावली, दोऱ्याचे वेढे दिले आणि गाठ दाताने आवळली. हात सोडताच कळी एका बाजूला कलंडली. त्याने ती पुन्हा सरळ केली आणि मागच्या पानांचा तिला टेकू दिला. लांबून पाहिले तर कळले नसते. जवळून ती मेलेल्या पाखराच्या मानेसारखी दिसत होती.

शिवणाच्या डब्यातला हिरवा दोरा त्याने उठल्याउठल्याच खिशात टाकला होता. मुलगी जेवणाआधी येणार होती.

पलीकडच्या वाफ्यात म्हातारी काम करत होती. डाव्या हाताने फांदी हलकेच धरून, देठादेठावरची पाने बोटाने मोजत ती खाली येत होती. तीन पानांचे देठ तिने सोडून दिले. पाच पानांच्या देठाशी थांबली, बाहेरच्या बाजूचा डोळा, नवा फुटवा येतो ती जागा, अंगठ्याने चाचपला आणि त्याच्या जरा वर कात्री तिरकी लावली. कळी मातीत पडली. हिरव्या पापुद्र्यात घट्ट मिटलेली, टोकाशी जर्दाळूच्या रंगाची एक रेघ फुटलेली.

"सुकलेली फुलं वेळेवर काढली ना," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "की झाड नव्यानं जोर धरतं. नाहीतर बी धरायच्या नादाला लागतं आणि बसतं."

"हो."

"तुम्हाला सांगून काय उपयोग म्हणा. बसच्या चाकाशी जन्म गेला."

"चाकाशी नाही, स्टिअरिंगशी."

"तेच ते. गोलच."

तो हसला. ती पुढच्या फांदीकडे वळली तशी त्याने वाकून मातीतली कळी उचलली.

कुंपणालगतची ही सगळी इंग्लिश गुलाबाची झुडुपे तिने लावली होती. साध्या गुलाबासारखी ताठ मानेची फुले नव्हेत. ही वाटीसारखी, पाकळ्यांनी इतकी गच्च भरलेली की स्वतःच्याच वजनाने खाली बघत राहायची. बहर आला की वास रस्त्याच्या वळणापर्यंत जायचा आणि येणारेजाणारे फाटकाशी रेंगाळायचे. गल्लीत तिला कोणी नावाने हाक मारत नसे. ती गुलाबबाई होती आणि तो गुलाबबाईंचा नवरा.

तिचे हात अजून सगळे जाणत होते. खत किती, पाणी बुंध्याशी कसे, पाने का भिजू द्यायची नाहीत. फक्त एक गोष्ट कुठेतरी निसटली होती. जे उमलून गेले ते आणि जे अजून उमलायचे आहे ते, यातला फरक तिला उरला नव्हता. मिटलेली कळी दिसली की तिला ते सुकून मिटलेले फूलच वाटे. म्हणून यंदा कुंपणाशी एकही फूल उमलले नव्हते.

एकदा त्याने कात्री माळ्यावर लपवली. ती घरभर शोधत फिरली, मग बाहेर गेली आणि नुसत्या हातांनी कळ्या ओढत बसली. आत आली तेव्हा बोटे रक्ताने माखली होती. तिने ती त्याच्यापुढे धरली, जणू हे त्यानेच केले होते. त्याने शिडी लावली आणि कात्री खाली काढली.

मुलगी फोनवर म्हणाली होती, "वृद्धाश्रमात एक जागा रिकामी झालीय, बाबा. बायकांच्या खोलीत. तुमच्या एकट्याच्यानं आता आई आवरत नाही."

"बायकांच्या खोलीत म्हणजे मी नाही."

"तुम्ही भेटायला जाल ना."

"अगं, बहर आलाय बागेला," तो एकदम बोलून गेला होता. "सगळं तीच बघते. इतकी झाडं सांभाळणाऱ्या बाईला उचलून कुठं टाकायचं? तू ये, डोळ्यांनी बघ."

"येते. बघते. मग ठरवू."

तेव्हापासून त्याला झोप नव्हती. बहर आलाय असे तो म्हणाला होता, आणि बहर मातीत पडत होता.

फाटक वाजले. मुलगी आली ती थेट दवाखान्यातून, औषधांच्या खिडकीवरची पाळी संपवून. गळ्यात ओळखपत्र तसेच होते.

"आई!"

"आलीस? किती वाळलीस गं. नवरा खायला घालत नाही की काय?"

"मीच त्याला घालत नाही. मग माझं कशाला शिजवू?"

म्हातारी मोठ्याने हसली. म्हाताऱ्याने श्वास सोडला. आज दिवस चांगला होता. आज तिला मुलगी मुलगीच वाटत होती. मुलीने झाडांना काय काय घातलेस म्हणून विचारले, तेव्हा म्हातारीने हाडांच्या खतापासून सगळे बिनचूक सांगितले. पाण्यात साबण किती कालवायचा आणि पानांवरचा मावा कसा धुवायचा तेही सांगितले. मुलीने बाबांकडे पाहून भुवया उंचावल्या. त्या नजरेत दिलासा होता, आणि आपलेच काही चुकले की काय अशी शंकाही.

"पण फुलं कुठायत?" ती म्हणाली. "तुम्ही तर म्हणालात, बहर आलाय."

"येतोय. कळ्या आहेत की. ती बघ, तिकडं. उन्हात नको जाऊस, आत चल आधी, पाणी घे."

पण ती गेली. लहानपणापासून तिला फुलाशी नाक नेल्याशिवाय फूल पाहिल्यासारखे वाटत नसे. तिने वाकून एक फांदी जवळ ओढली. कळी सुटून तिच्या हातात आली, आणि कळीला लोंबणारा दोरा.

तिने दुसरी हलवली. तीही आली.

"बाबा, हे काय? झाडाला टाके घातलेत?"

म्हातारी कात्री घेऊन त्यांच्या दिशेने येत होती. ती मुलीजवळ थांबली आणि तिच्या तळहातावर वाकली. फांदीवर जी कळी तिला ओळखता येत नव्हती, ती मुलीच्या हातात मात्र तिला लगेच ओळखू आली.

"ही कळी आहे," ती म्हणाली. आवाज बदलला होता. "जिवंत कळी. कोणी कापली?"

मुलीची नजर आईच्या हातातल्या कात्रीवर गेली. तिथेच राहिली.

"मी," म्हातारा म्हणाला.

दोघींनी त्याच्याकडे पाहिले.

"मीच कापल्या. सकाळी. सुकलेल्या वाटल्या मला. मागून लक्षात आलं, म्हणून बांधत बसलो."

"तुम्ही?" म्हातारी म्हणाली. "अहो, डोळे आहेत का खाचा? पान न् पान पुसलंय मी ह्या झाडांचं. काळे ठिपके पडलेली पानं एकेक वेचून जाळली, खाली सुद्धा पडू दिली नाहीत. पोटच्या पोरासारखं... आणि तुम्ही..."

तिने मूठ वळून त्याच्या छातीवर मारली. तिच्या मुठीत जोर नव्हता, तरी तो एक पाऊल मागे गेला.

"चुकलं माझं."

"चुकलं म्हणे! अगं, तुला सांगते, ह्यांना एकटं सोडायची सोय राहिली नाही. परवा गॅस तसाच सोडला. सगळं घर वासानं भरलं."

"बाबांनी?"

"मग कोणी? मी?"

"मीच," म्हातारा म्हणाला. "हल्ली राहत नाही लक्षात."

"आणि संध्याकाळी उठून चालायला लागतात. कुठं जाता तर म्हणे घरी. घरातच बसून घरी जायचं म्हणतात!"

"होतं असं," तो म्हणाला. "खरंच होतं."

म्हातारी पायरीवर जाऊन बसली. पदरात तोंड घालून ती कळ्यांसाठी रडू लागली, लहान मूल रडते तसे हुंदके देत. तो तिच्याजवळ जाऊ लागला तर तिने हाताने त्याला दूर लोटले.

मुलगी जागची हलली नव्हती. तिने कापलेल्या फांदीचे टोक डोळ्यांजवळ आणले. काप तिरका होता, बाहेरच्या डोळ्याच्या जरा वर, एका घावात घेतलेला. सालीचा एकही धागा लोंबत नव्हता. तिने त्यावरून बोट फिरवले. शेजारची फांदी पाहिली, तिच्या पलीकडची पाहिली. सगळे काप सारखे. ती शाळेत असताना बाबांनी एकदा हौसेने ह्याच रांगेतले एक झुडूप छाटले होते. त्यानंतर कितीतरी दिवस आई येईल त्याला ते झाड दाखवून सांगायची, आमच्याकडे मोठी घूस आहे, बस चालवते.

"बाबा," ती हळू म्हणाली. "कापलंय मात्र छान."

म्हाताऱ्याने खिशात हात घातला. दोऱ्याचे रीळ त्याच्या मुठीत आले.

"तिचं बघून बघून शिकलो."

"हो?"

"हो."

तो तिच्याकडे पाहत राहिला. जन्मात त्याने मुलीपुढे हात पसरला नव्हता. आताही दोन्ही हात खिशात होते. पण मुलीने मान खाली घातली आणि तळहातावरची कळी उगाचच दुसऱ्या हातात घेतली.

मग तिने फोन काढला आणि फाटकाकडे चालू लागली. फार लांब गेली नाही.

"जागेबद्दल बोलायचं होतं," ती म्हणाली. "नाही, बायकांच्या खोलीतली नको. जोडप्यासाठी आहे का एखादी? ... लहान असली तरी चालेल. ... मागच्या बाजूची? चालेल ना."

तिने वळून पायरीकडे पाहिले. म्हातारीचे रडणे थांबले होते. ती कान देऊन ऐकत होती.

"वडिलांचं," मुलगी जरा मोठ्याने म्हणाली. "वडिलांना विसरायला होतं. आई ठीक आहे. ती सोबत म्हणून येईल, त्यांची काळजी घ्यायला." मग बराच वेळ ती नुसती ऐकत होती. "समोर काय आहे खोलीच्या? ... भिंत. बरं. नाही, सहज विचारलं. ... हो, ह्याच आठवड्यात."

हे घर सुटू नये म्हणून म्हातारा सकाळपासून मातीत गुडघे टेकून बसला होता. कुंपणाजवळ नुसत्या हिरव्या फांद्या उभ्या होत्या. त्या आता कोण बघणार, हे विचारायला त्याच्याकडे जागा उरली नव्हती. मुलीने जे देता येईल ते दिले होते. फोन ठेवल्यावरही ती पाठ करूनच उभी राहिली आणि ओळखपत्राच्या दोरीने डोळे पुसले.

म्हातारी उठून त्याच्याजवळ आली. रागाचे नावही तिच्या चेहऱ्यावर नव्हते. कळ्यांचे सगळे कुठे वाहून गेले होते कोण जाणे. तिने त्याचा हात खिशातून ओढून काढला आणि त्यावरचे काट्यांचे ओरखडे पाहिले.

"कुठं न्यायचं म्हणते ही तुम्हाला?"

"आहे एक ठिकाण."

"लांब?"

"फार नाही."

"औषधं वगैरे देतात का नीट?"

"देत असतील."

तिने जरा विचार केला. मग त्याच्या सदऱ्याची कॉलर, जी सरळच होती, ती पुन्हा सरळ केली.

"मी येते तुमच्याबरोबर," ती म्हणाली. "तुम्हाला एकट्याला जमायचं नाही तिथं. मी असेन म्हणजे काही घाबरायचं कारण नाही."

"बरं झालं," म्हातारा म्हणाला. "भीतीच वाटत होती मला."