रमाबाईंचा मुहूर्त

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ना, तसा रमाबाईंचा संसार. प्रभाकररावांची विमा कंपनीतली नोकरी. बदली आली की गुंडाळ गाशा. कऱ्हाडची ही बाई नागपूर, भोपाळ, कोटा करत जयपूरला पोचली आणि नवरा निवृत्त झाल्यावर म्हणाली, "आता मेले तरी हलायची नाही. मला चार शेजारणी असतील असं घर हवं." बघा, घर नाही मागितलं हो, शेजारणी मागितल्या!

मालवीय नगरात मिळालंही अगदी मनासारखं. गल्ली जुनी, वाटीभर साखर मागायला एकमेकींकडे बिनदिक्कत जाणारी. घर मात्र जेमतेम तीन वर्षांचं. घरमालक रणजीतजींनी जुनं पाडून नवं बांधलेलं, फरशीची चकाकीसुद्धा गेली नव्हती. बायकोच्या आजारपणापायी ते मुलाकडे पुण्याला निघाले होते. "काय तऱ्हा!" प्रभाकरराव हसले. "आम्ही इथे, तुम्ही तिथे."

व्यवहार ठरला तेव्हा रणजीतजींनी हात जोडून एकच गोष्ट मागितली. त्यांच्या खुशबूचं लग्न आखातीजेला, म्हणजे आपल्या अक्षय्य तृतीयेला होतं. नवरदेव घोड्यावरून येतो आणि मुलीच्या दारावर बांधलेल्या तोरणाला तलवार टेकवतो, अशी तिकडची रीत. "हा दरवाजा तिच्यासाठीच एवढा मोठा केला, भाभीजी. तोरण इथेच लागू दे. लग्न झालं की दुसऱ्या दिवशी किल्ली तुमच्या हातात."

महिनाभराचा तर प्रश्न! पण कॅनडातला अभिजित पाडव्याला येणार होता. लेकाच्या हातून नव्या घरावर गुढी उभारायची, हे रमाबाईंनी मनाशी पक्कं केलेलं. आणि एकदा त्यांनी मनात घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायच्या नाहीत. गुरुजींनी दोन मुहूर्त काढून दिले होते, एक पाडव्याचा, दुसरा अक्षय्य तृतीयेनंतरचा. बाईंनी मात्र चेहरा पाडून सांगितलं, "काय करू भाईसाहेब, आमच्या पत्रिकेला पाडव्यानंतर वर्षभर मुहूर्तच नाही."

प्रभाकररावांनी चमकून बघितलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "हे बरं नाही केलंस."

"तुम्ही गप्प बसा हो!"

ते बसले गप्प. तेही चुकलंच.

मुहूर्तापुढे रणजीतजी काय बोलणार? देवाधर्माचा माणूस. त्यांनी घर रिकामं करून दिलं. आणि अभिजितची रजा ऐन वेळी रद्द झाली. गुढी उभारली ती प्रभाकररावांनीच, दुखरी कंबर धरत.

रमाबाईंनी चैत्रगौरीचं हळदीकुंकू केलं तर दोघीच आल्या, त्याही धड टेकल्या नाहीत. कैरीची डाळ आंबून गेली. पुढे खुशबूचं लग्न भाड्याच्या हॉलमध्ये लागलं. गल्ली झाडून गेली. रमाबाईंनाही आमंत्रण होतं, पण पाय उचलेना. गल्ली वाईट वागली म्हणावं, तर तसंही नाही. नमस्ते म्हणायच्या सगळ्या. पण समोरच्या कलावतीभाभींच्या ओट्यावर गप्पा रंगलेल्या असाव्यात, रमाबाई फाटकाशी याव्यात, आणि एकेकीला घरची कामं आठवावीत! "कुठून बुद्धी झाली मला," त्या नवऱ्याला म्हणायच्या. "महिना थांबले असते तर काय बिघडलं असतं?"

श्रावणात तीज आली. लग्नानंतरच्या पहिल्या तीजेला तिकडे लेक माहेरी येते. खुशबूचं माहेर गेलं पुण्याला, म्हणून ती खातीपुऱ्याच्या सासरहून कलावतीभाभींकडे आली. संध्याकाळी फाटक वाजलं. बघतात तर खुशबूच दारात, हिरव्या लहरियाच्या साडीत, हातात घेवर मिठाईचा डबा. मागे कलावतीभाभी आणि त्यांच्यामागे गल्लीतल्या साऱ्याजणी.

पोरगी वाकून पाया पडली. "आंटीजी, वरची माझी खोली एकदा बघू?" मग मागे वळून बायकांना म्हणाली, "मी म्हटलं ना तुम्हाला, आंटीजींचा काय दोष? मुहूर्तच नव्हता त्यांना."

"खरंय बाई, मुहूर्तापुढे कुणाचं चालतं!" म्हणत कलावतीभाभी सोफ्यावर ऐसपैस बसल्या. "काय बहनजी, चहा पाजणार की नाही?" बघता बघता घर भरलं. हसणं काय, एकमेकींची मेंदी बघणं काय! रमाबाईंनी जन्मभर वाट पाहिली ती याचीच.

खुशबू स्वयंपाकघरात मदतीला आली. चमचे कुठल्या खणात असतील ते तिला विचारावं लागलं नाही. रमाबाईंना राहवेना.

"खुशबू, मुहूर्त होता गं. तुझ्या लग्नानंतरचाही होता. मी खोटं बोलले. आत्ता बाहेर जाऊन सगळ्यांना सांगते, मग मला काय बोलायचं ते बोलू देत."

खुशबूचा हात चहाच्या पातेल्यावर थांबला. चहा उकळून वर आला तेव्हा तिने गॅस बंद केला.

"नका सांगू, आंटीजी. पप्पांच्या कानावर जाईल. हॉलच्या दाराला तोरण बांधताना रडले होते ते. मम्मीने समजूत घातली, मुहूर्ताची गोष्ट आहे, यात कुणाचाच दोष नाही. तेवढ्यावर सावरलेत."

"अगं, पण मला—"

"तुम्हाला हलकं वाटेल. त्यांचं काय?"

ट्रे उचलून ती बाहेर गेली, आणि हसतमुखाने एकेकीला चहा दिला. सगळ्याजणी निघाल्या तशी तीही निघाली.

"अगं, खोली बघायची राहिली की तुझी," रमाबाई जिन्यापाशी उभ्या राहून म्हणाल्या.

"पुन्हा कधीतरी, आंटीजी." तिने वर बघितलंसुद्धा नाही.

कलावतीभाभी फाटकातून मागे फिरल्या. "बहनजी, उद्यापासून ओट्यावर यायचं हं. आता तुम्ही आमच्यातल्याच."

"येते," रमाबाई म्हणाल्या.