सदतीस फोन

अगं ऐक, मध्ये बोलू नकोस, आधी पूर्ण ऐक. तर हे काका माझ्या टेबलासमोर बसलेत. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, मांडीवर कापडी पिशवी. आणि मी त्यांना आमचं ठरलेलं उत्तर वाचून दाखवतेय, "कंपनीने आपल्याशी सदतीस वेळा फोनवर संपर्क साधला. आपल्याकडून प्रतिसाद मिळाला नाही."

तर ते हसले. चेष्टेने नाही गं. आपल्याला कुणी भलताच मोठेपणा दिला की माणूस संकोचून हसतो ना, तसे.

"सदतीस?" म्हणाले. "ताई, मला सदतीस फोन आले असते तर मी अख्ख्या बिल्डिंगला सांगत फिरलो असतो."

आता माझं काम तुला माहितीये. वस्तू हप्त्यावर देणारी कंपनी, आणि मी तक्रारींच्या टेबलावर. काकांनी फ्रिज घेतला होता. बारा हप्ते, बाराच्या बारा भरले. त्यातला एक बँकेच्या सुट्टीमुळे दोन दिवस उशिरा पोचला. त्याचा दंड एकशे ऐंशी. तो यांना कळलाच नाही. वसुलीवाल्यांनी म्हणे फोन केले, उत्तर नाही, मग दिला शेरा ठोकून. यांच्या क्रेडिट रिपोर्टवर लाल अक्षरात, थकबाकीदार!

मी म्हटलं, "काका, एकशे ऐंशी भरून मोकळे व्हा ना."

"कळलं त्याच दिवशी भरले. शेरा नाही जात म्हणतात. आणि ती खोली..."

खोली म्हणजे काय, तर वयस्कर लोकांची एक वसाहत आहे, तिथे भाड्याची खोली. यांनी दोन वर्षं वाट बघितली, आता कुठे नंबर लागला. पण रिपोर्ट स्वच्छ हवा. वसाहतवाले महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणाले होते.

"चांगली आहे का हो खोली?" मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

"खोली लहानच आहे. पण प्रत्येक खोलीत इंटरकॉम आहे. जेवण तयार झालं की खालून फोन करतात, या म्हणून." मग जरा थांबून, "रोज दोनदा."

आणि पिशवीतून वही काढली. अगं, हे काका एका मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर होते. एकतीस वर्षं! आलेला प्रत्येक फोन रजिस्टरमध्ये लिहायचा. वेळ, कुणाचा, कुणासाठी. रिटायर झाले पण हात थांबला नाही. घरी लँडलाइन, शेजारी वही, पट्टीने आखलेली. तीच पुरावा म्हणून आणलेली.

मी पानं उलटायला लागले. दोन वर्षं, आणि अर्धी वहीसुद्धा भरली नव्हती. "सकाळी १०.४०. चुकीचा नंबर. बाई. टेलरकडे लागायला हवा होता." "मुलगी. चार मिनिटं. बरी आहे." "गॅसवाले." "चुकीचा नंबर. त्याच बाई. पावसाबद्दल बोलल्या." आणि मधे तारखाच तारखा, पुढे नुसती रेघ. रेघ, रेघ, रेघ. पानंच्या पानं.

"ह्या रेघा कसल्या?"

"त्या दिवशी फोन नव्हता. रजिस्टर कोरं सोडायचं नसतं ना."

शेजारच्या टेबलावरचा आमच्या ऑफिसातला कार्टा डोकावलाच. "काय काका, चुकीच्या नंबराशी जमलंय वाटतं तुमचं!"

"नाही हो," काका अगदी सरळपणे म्हणाले. "त्यांनी नंतर टेलर बदलला."

कार्ट्याने मान परत आपल्या स्क्रीनमागे घातली.

मग काकांनी विचारलं, "हे सदतीस फोन कुठल्या नंबरवर केले?"

"ते सांगता येत नाही. गोपनीय असतं."

"माझाच नंबर, मला?"

"हो काका." मेल्याहून मेल्यासारखं झालं गं बोलताना.

"बरं. मग मी म्हणतो, तुम्ही नुसती मान हलवा." आणि नंबरातल्या आकड्यांची एकेक जोडी म्हणायला लागले, संथ, खणखणीत, आणि प्रत्येक जोडीला मी स्क्रीनवर बघून मान हलवतेय. शेवटी म्हणाले, "शेहेचाळीस." स्क्रीनवर चौसष्ट! माझी मान जागच्या जागी.

"थांबलात," ते म्हणाले.

मी सरळ तो चौसष्टवाला फिरवला. किती वेळ वाजला, मग एक माणूस कावला, "हॅलो, टेलर! अहो, तुम्हीच ना ते हप्तेवाले? तुमचा नंबर दिसला की आम्ही उचलतच नाही, आज चष्मा नव्हता डोळ्यावर!"

फॉर्म काढला. काकांचं अक्षर म्हणजे छापल्यासारखं, स्वच्छ शेहेचाळीस. आमच्याच कुणीतरी टाइप करताना आकडे उलटे मारलेले. संपलं ना? चूक आमची, पुरावा समोर. पळत साहेबांकडे गेले.

"दुरुस्तीला तीस दिवस लागतात."

"साहेब, त्यांची खोली जाईल. निदान एक पत्र द्या ना, चूक कंपनीची आहे म्हणून."

"पत्र दिलं की चूक कबूल केल्यासारखं होतं. नियम माहितीयेत ना तुला?"

मी रोज मागे लागले गं. रोज! डोकं खाल्लं सगळ्यांचं. शेवटी सव्विसाव्या दिवशी शेरा निघाला. महिना संपून चार दिवस झाले होते.

मीच फोन लावला. पहिली रिंग पुरी होते न होते तोच, "नमस्कार, कुठे जोडून देऊ?" मग लगेच खजील होऊन, "माफ करा, सवय."

मी सांगितलं, रिपोर्ट स्वच्छ झाला काका.

"वा! अकरा वाजून पाच." पेन चालल्याचा आवाज आला मला. "रिपोर्ट... स्वच्छ... झाला."

"आणि खोली?"

"ती दिली त्यांनी दुसऱ्यांना. माणसं चांगली आहेत हो. एखादी रिकामी झाली की फोन करतो म्हणाले. माझा नंबर मी दोनदा वाचून घेतला त्यांच्याकडून. आता बाहेर म्हणून फारसा जात नाही. दूध तेवढं पटकन आणतो."

झालं. फाइल बंद.

पण नंबर मला पाठ झालाय. रोज डबा उघडला की वाटतं, लावावा. नुसतं जेवलात का म्हणून. काल तर शेहेचाळीसमधला चार दाबला होता मी. आणि डोळ्यासमोर आलं, तिकडे घंटी वाजणार, काका हातातलं टाकून धावणार, खोली मिळाली म्हणून. आणि फोनवर मी! मी काय, जेवलात का! ठेवून दिला गं.

मग दिवसभर ती वही दिसत राहिली. कालची तारीख, आणि पुढे पट्टीने ओढलेली रेघ.

सांग ना. तू काय केलं असतंस?